नागपूरचा मे आणि ९० अंशांवर चिकटलेला प्रोसेसर : कस्टम वॉटर कूलिंग लावू का?

फ्रेमवाला_नागपूर
११ मे, रात्री १२:२०

नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. स्टुडिओ म्हणजे घराच्याच वरच्या मजल्यावरची एक खोली. डोक्यावर स्लॅब, स्लॅबवर थेट ऊन. नागपूरकरांना यापुढे काही सांगायला नको.

मशीन २०२१ मध्ये बांधून घेतलं. रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम. प्रोसेसरवर २४० मिलिमीटरचा एआयओ आहे, म्हणजे तो बंद वॉटर कूलर, ज्यात आपण पाणी भरायचं नसते. २४० म्हणजे त्याचा रेडिएटर, पंख्यांमागची ती जाळी, जिथे पाण्यातली उष्णता हवेत जाते. पहिली तीन वर्षं एकदम झकास. रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम, लावलं की ७२ ते ७५ अंश, त्यावर काटा जायचा नाही. गेल्या मे महिन्यात ८२ पाहिलं आणि म्हटलं, ऊन आहे, चालायचंच. यंदा मात्र एप्रिलपासूनच ९० ला जाऊन चिकटते आणि तिथून स्पीड पडत जातो. ज्या रेंडरला ४० मिनिटं लागायची त्याला सव्वा तास लागून राहिला.

आणखी एक. सकाळी मशीन चालू केलं की दोन मिनिटं पोटात गुडगुडल्यासारखा आवाज येतो, मग बंद होतो.

खोलीत डेझर्ट कूलर होता, पण मागच्या वर्षी दोन लेन्सना बुरशी लागली. तेव्हापासून कूलर बंद, फक्त पंखा. दुपारी खोलीत ३९-४० असते.

सीताबर्डीतला एक दुकानदार म्हणतो, एआयओ संपला, आता कस्टम लूप लावा, म्हणजे सुटे भाग जोडून बांधलेलं वॉटर कूलिंग. पारदर्शक नळ्या, आत लाल पाणी, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही त्यातच. कोटेशन ७२ हजार. वरून गॅरंटीने सांगते, "६० च्या वर जाऊन दाखवलं तर पैसे परत." सहा लग्नांचं काम पडून आहे, पोरीकडचे लोक रोज फोन करून राहिले. लावून टाकू का?

ता. क. माझा मावसभाऊ म्हणतो, ७२ हजार कायले घालवतो, रेडिएटर काढ आणि डेझर्ट कूलरच्या टाकीत बुडव. तो गंमत करतो की खरंच सांगतो, मले समजत नाही.

---

काचनळी
११ मे, सकाळी ९:०५

बंगळूरहून लिहितोय, इथे उकाड्याची तक्रार केली की लोक हसतात, त्यामुळे तुमचं दुःख मला फक्त कल्पनेनेच कळतं.

माझ्याकडे कस्टम लूप आहे. पाच वर्षं झाली. नळ्या वाकवायला हीट गन, आत घालायला सिलिकॉनची दोरी, पहिल्या वेळी अकरा नळ्या वाया. दिसतं एकदम देखणं, पाहुणे आले की आधी तेच बघतात. आवाज जवळपास शून्य. पण खरं सांगायचं तर आधीच्या साध्या हवेवरच्या कूलरपेक्षा प्रोसेसरचं तापमान फार तर ८ अंशांनी उतरलं. ग्राफिक्स कार्डाला मात्र चांगलाच फायदा झाला.

दोन सूचना. कोटेशनमधल्या नळ्या पीईटीजी प्लास्टिकच्या असतील तर नको म्हणा. पाणी ६० च्या आसपास गेलं की त्या नरम पडायला लागतात, आणि नागपुरात खोलीच ४० असेल तर मधलं अंतर फार उरत नाही. अॅक्रिलिक घ्या, किंवा सरळ काळी रबरी ईपीडीएम नळी. आणि लाल पाणी अजिबात नको. रंग कालांतराने साका धरतो आणि ब्लॉकमधल्या, म्हणजे चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या तुकड्यातल्या, बारीक खाचांमध्ये जाऊन बसतो. मी एकदा जांभळं घातलं होतं, उघडलं तेव्हा आत गाळ होता.

बाकी बजेट असेल तर करा, मजा येते.

---

जुना_टर्नर
११ मे, दुपारी ३:४०

फ्रेमवाले, आधी पाकीट परत खिशात ठेवा.

मी भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, आता घरी बसून मुलांच्या जुन्या मशीनी दुरुस्त करतो. लेथवर काम केलेल्या माणसाला कूलंट काय चीज आहे हे शिकवावं लागत नाही. सकाळी टूलवर सोडलेलं कूलंट गार असतं. दुपारच्या जेवणानंतर टाकीत बोट घालून बघा, कोमट. दुसरी शिफ्ट संपेपर्यंत अंघोळीचं पाणी. टूल गार राहिलं ते टाकीने उष्णता पोटात घेतली म्हणून, आणि टाकीतून ती बाहेर जाणार शॉपच्या हवेत. पाणी काही गार करत नाही हो. पाणी हमाल आहे. इथलं ओझं उचलतं, तिथे नेऊन टाकतं. ते ओझं शेवटी उतरवून घेते तुमच्या खोलीतली हवा, आणि ती हवाच ४० अंशांवर बसली आहे.

आता तुमचाच हिशेब मांडू. ५९००एक्स पूर्ण दमात सॉकेटमधून १४२ वॅट ओढतो. एका मिनिटाला एक लिटर पाणी फिरतं असं धरलं, तर १४२ वॅटने ते पाणी जेमतेम २ अंश तापतं. म्हणजे हमालाला ओझं जड नाहीच. खरी अडचण त्याच्या दोन टोकांना आहे.

एक टोक चिपचं. तुमच्या प्रोसेसरमध्ये कोअर असलेले दोन तुकडे आहेत, प्रत्येक साधारण ८० चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून उष्णता वर येणार, मग झाकण, मग उष्णता पुढे नेणारी पेस्ट, मग तांब्याची प्लेट. एवढ्या प्रवासातच तीसेक अंश खर्च होतात आणि रेडिएटर कितीही मोठा लावला तरी हे तीस कमी होत नाहीत. दुसरं टोक रेडिएटरचं. २४० चा रेडिएटर १४२ वॅट टाकताना खोलीपेक्षा साधारण १२ ते १५ अंश वर बसतो.

खोली ३०, त्यात १४, त्यात ३० मिळवले की ७४. तुम्ही पहिल्या तीन वर्षांचा जो आकडा दिलात तोच. खोली ४० असेल तर ८४. म्हणजे ९० पैकी दहा अंश निव्वळ नागपूरचे आहेत, कूलरचा त्यात दोष नाही. वरच्या सहाचा काय तो शोध घ्यायचा.

आणि "६० च्या वर जाणार नाही" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की ४० च्या खोलीत, तीस अंश चिपमध्येच जाणार असताना, ६० कुठून आणणार? बर्फ घालणार आहे का? वर ग्राफिक्स कार्डाचे २२० वॅट त्याच पाण्यात सोडणार. तुमचा प्रोसेसर आज आहे त्याहून जास्त तापला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

तर शोध. हे करा आणि इथे लिहा.

रेंडर लावून दहा मिनिटं थांबा आणि दोन्ही रबरी नळ्यांना हात लावा. दोन्ही जवळपास सारख्याच गरम लागल्या तर पाणी फिरतंय, कारण फरक दोनच अंशांचा असतो आणि हाताला तो कळत नाही. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर पंप मेला किंवा अडला. मग मात्र एआयओ खरंच संपला.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पंपाचे फेरे बघा. पंपाची वायर पंख्याच्या जागी लावलेली असते आणि बायोस अपडेट झालं की सेटिंग मूळपदाला जातं. मग पंप पंख्यासारखा हळू-जोरात चालायला लागतो. पंपाला कायम पूर्ण वेग हवा.

आणि पंखे रेडिएटरवरून स्क्रू काढून सुटे करा. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते त्यावर जाऊ नका. धूळ साचते ती पंखा आणि रेडिएटरच्या मधोमध, पंखा न काढता ती दिसतच नाही.

गुडगुडीबद्दल सांगा : रेडिएटर कुठे बसवलाय? पुढे, वर, खाली? नळ्या कुठल्या टोकाला?

---

मिरजमसाला
११ मे, संध्याकाळी ६:१५

मावसभावाला या धाग्यावर बोलवा. कूलरच्या टाकीत रेडिएटर, टाकीवर वाळ्याची ताटी, रेंडर चालू असताना खोलीभर सुगंध. वऱ्हाडी मंडळी व्हिडिओ घ्यायला आली की परत जायचं नाव घेणार नाहीत.

---

फ्रेमवाला_नागपूर
१२ मे, रात्री १:१०

काका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. आधी बायोस. पंप पूर्ण वेगात आहे. नळ्या दोन्ही सारख्याच गरम, हात ठेवता येतो पण फार वेळ नाही.

मग पंखे काढले. काय सांगू राजेहो. पंख्यामागे अक्षरशः गोधडी. राखाडी रंगाची, चिमटीत धरून सोलली तर एक तुकडा सरळ निघाला, पोळीसारखा. बायकोला दाखवला तर म्हणते, हे चार वर्षं तू श्वासातून घेऊन राहिला होता.

बाहेरून जाळी मी दर महिन्याला पुसतो हो. म्हणूनच कधी शंका आली नाही.

रेडिएटर पुढच्या बाजूला उभा आहे. पुढे तीन पंख्यांची जागा आहे, त्यात खालच्या दोनवर बसवला आहे, वरची एक रिकामी. नळ्या वरच्या टोकाला. दुकानात असंच बसवून दिलं होतं.

आता गोधडी काढली, पण ब्लोअर नाही म्हणून पात्यांच्या आतलं राहिलं. उद्या शेजारच्या गॅरेजमधून हवा मारून आणू का?

---

जुना_टर्नर
१२ मे, सकाळी ७:३०

गॅरेजचा कंप्रेसर नको. त्यात पाणी आणि तेल असतं, आणि दाब एवढा की पात्या वाकतात. घरगुती ब्लोअर शंभर ठिकाणी मिळतो, कुणाकडून तरी मागून आणा. पंखा ज्या बाजूने हवा ढकलायचा त्याच्या उलट बाजूने मारा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाईल. पंख्यांवर मारताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा गरगरला की तो उलट वीज तयार करतो, शिवाय बेअरिंग खराब होतं.

आता गुडगुड. या बंद कूलरमधलं पाणी कायमचं बंद नसतं. रबराच्या नळीतून ते वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं झिरपून उडतं, गळती नव्हे, बाहेर थेंबही दिसत नाही. जेवढं पाणी गेलं तेवढा आत बुडबुडा. तो बुडबुडा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसतो. तुमचा रेडिएटर खालच्या दोन जागांवर असल्यामुळे त्याचं वरचं टोक प्रोसेसरवर बसलेल्या पंपाच्याच पातळीला आलंय. म्हणजे बुडबुड्याला पंपात शिरायला वाट मोकळी. रात्री मशीन बंद असताना तो पंपात येऊन बसतो आणि सकाळी पंप दोन मिनिटं हवा घुसळतो. तीच तुमची गुडगुड.

रेडिएटर एक जागा वर सरकवा. वरच्या दोन पंख्यांवर बसवा, नळ्या वरच असू द्या. मग रेडिएटरचं टोक पंपाच्या बरंच वर जाईल आणि बुडबुडा तिथेच कोपऱ्यात पडून राहील. छतालाही बसवता येईल, पण मग ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा त्यातून जाणार आणि दोन-तीन अंश हातचे जाणार. तुमच्या खोलीत तेवढे परवडत नाहीत. पुढेच बरा.

पंप गेला नाही, नळ्या सारख्या गरम आहेत. अजून एक-दोन वर्षं निघतील. रोज थोडं थोडं पाणी उडतंय तेवढं लक्षात ठेवा.

आता कस्टम लूपबद्दल, कारण काचनळी म्हणतात ते खोटं नाही, मजा येते. ती मजा मीही घेतली आहे, म्हणून बिल किती येतं ते सांगतो.

२००७ ची गोष्ट. माझ्याकडे पेंटियम डी प्रोसेसर होता. स्वस्त होता आणि तव्यासारखा तापायचा. कंपनीत तांब्याचा एक तुकडा स्क्रॅपमध्ये पडला होता. सुपरवायझरला विचारून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मिलिंगवर त्यात खाचा पाडल्या. दोन मिलिमीटरची खाच, दोनची भिंत. तळ लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, असा आणला की त्यात तोंड दिसायचं. त्या वयातला तो माझा सर्वांत देखणा जॉब. वरून अॅक्रिलिकचं झाकण, मध्ये ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. पंप माशांच्या टाकीचा. रेडिएटर जुन्या बाजारातून आणलेला, कुठल्याशा भंगार गाडीच्या हीटरमधला. तेव्हा जगभरचे हौशी लोक असेच गाडीचे हीटर वापरायचे, मीही कुठेतरी वाचलं होतं. पाणी नळाचं.

रेडिएटर अॅल्युमिनियमचा होता आणि ब्लॉक तांब्याचा. रोज धातूंत हात घालणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच क्षारी पाण्यात, म्हणजे तुम्ही बॅटरीच बनवलीत. अॅल्युमिनियम झिजायला लागतं. तीन महिन्यांनी पाण्यात पांढरी साय दिसायला लागली. मला वाटलं शेवाळ, म्हणून थोडं ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकलं. हसू नका. क्लोराइडने अॅल्युमिनियमला आणखी भोकं पाडली. चौथ्या महिन्यात रविवारी सकाळी बायकोने हाक मारली, "अहो, फ्रीज गळतोय का बघा." फ्रीज नव्हता गळत. मदरबोर्ड गेला, पॉवर सप्लाय वाचला. तो ब्लॉक अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

मग सात वर्षं नाव काढलं नाही. २०१४ मध्ये मुलाच्या हट्टापायी पुन्हा बांधला, या वेळी नीट. रेडिएटर तांब्या-पितळेचा, सगळे कनेक्टर जी १/४ आट्यांचे, पितळेवर निकेल. आटे हाताने आवळायचे, पान्याने नाही. गळती थांबते ती ओ-रिंगमुळे, जोरामुळे नाही. आवळाआवळी केली की अॅक्रिलिक तडकतं. पाणी भरून आधी फक्त पंप चालवला, बाकी मशीनला वीज नाही, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, चोवीस तास. एक टिश्यू ओला निघाला. तो चोवीस तासांचा नियम नसता तर दुसरा मदरबोर्ड.

आणि त्यानंतर दर दिवाळीला फराळाच्या आधी लूप रिकामा करायचा. डिस्टिल्ड पाणी आणायचं. पेट्रोल पंपावर बॅटरीचं म्हणून मिळतं त्यावर डोळे झाकून विश्वास नको, शंका असेल तर केमिकलच्या दुकानातून सीलबंद घ्या. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध. एके वर्षी पारदर्शक पीव्हीसी नळी आतून दुधाळ झाली. नळी मऊ ठेवणारा पदार्थ पाण्यात सुटतो आणि ब्लॉकमध्ये जाऊन चिकटतो. टूथब्रश घेऊन सगळा ब्लॉक घासला. मुलगा तोवर नोकरीला लागून गावाबाहेर गेला होता, मी आपला बेसिनपाशी.

७२ हजारांच्या कोटेशनमध्ये ही दिवाळी लिहिलेली नसते. तुमच्या धंद्याचं मशीन आहे. पाणी बदलायला दोन दिवस बंद ठेवलं तर पोरीकडच्यांना काय सांगाल?

---

फ्रेमवाला_नागपूर
१२ मे, दुपारी २:५०

काका, फ्रीज गळतोय का, हे वाचून हसलो आणि मग माझ्या मदरबोर्डकडे पाहून गप्प झालो.

रेडिएटर संध्याकाळी वर सरकवतो. पण खोली ४० आहे हे तर तसंच राहते ना? कूलर लावला तर लेन्स जातात. आणि मावसभावाचं काय, तो अजूनही टाकीवर अडून आहे.

---

अकोल्याची_लेन्स
१२ मे, दुपारी ४:२०

लेन्सचं मी सांगते. मीही फोटोग्राफर आहे आणि आमच्याकडे कूलरशिवाय मे निघतच नाही. लेन्स उघड्या कपाटात ठेवायच्याच नाहीत. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतेचा मीटर. ४० ते ५० टक्क्यांत काटा राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत घालायचं. चार उन्हाळे झाले, एकही लेन्स गेली नाही. बुरशी लागलेल्या दोन लेन्स मात्र चांगल्यांसोबत एका डब्यात ठेवू नका.

आणि कूलर लावला की खिडकी थोडी उघडी ठेवता ना? बंद खोलीत कूलर म्हणजे नुसता दमटपणा.

---

जुना_टर्नर
१२ मे, रात्री ९:१५

अकोलेकर ताईंनी माझं काम हलकं केलं. लेन्स डब्यात गेल्या की कूलर लावा, खिडकी उघडी. कोरड्या मे महिन्यात खोली ३३-३४ वर आली तरी प्रोसेसर सरळ सहा-सात अंश खाली. खोलीचा एक अंश म्हणजे चिपचा एक अंश, इतकं सोपं आहे. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र नको, ओल आणि क्षाराचे बारीक थेंब आत जातात.

आणि मावसभावाला माझा नमस्कार सांगा, तो मूर्ख नाही. डेझर्ट कूलरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात खोलीपेक्षा खरंच बरंच गार असतं, कारण ते सतत थोडं थोडं उडत असतं. परदेशात काही हौशी लोक उंच नळकांड्यातून पाणी ठिबकवून, त्यावर हवा सोडून, याच तत्त्वावर प्रोसेसर गार करायचे. माझा अंदाज होता की दव धरून बोर्ड ओला होईल, पण तेही नाही. नुसत्या बाष्पीभवनाने पाणी दवबिंदूच्या खाली जातच नाही. तर तत्त्वाला मी नापास करू शकत नाही. हिशेबही केला. १४२ वॅट दिवसभर उडवायला रोज साधारण ५ लिटर पाण्याची वाफ व्हायला हवी. डेझर्ट कूलर एवढं पाणी बघता बघता पितो. (माठ विचारत असाल तर नाही, माठ रोज लिटरभर पाणी उडवतो, म्हणजे तीसेक वॅट.)

नापास करतो ते पाण्यामुळे. टाकीच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या पात्यांवर बसणार. एआयओचा रेडिएटर बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, तो क्षारी पाण्यात रात्रंदिवस. माझा २००७ चा रेडिएटर आठवा, तो आतून गेला, तुमचा बाहेरून जाईल. आणि ७ जूननंतर हवा दमट झाली की कूलरला जसा अर्थ उरत नाही तसाच या युक्तीलाही. बुडवायचंच असेल तर १९८५ च्या क्रे-२ सारखं करा. तो सुपरकॉम्प्युटर सगळाच्या सगळा फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असे. तो द्रव सीताबर्डीत मिळतो का विचारून बघा.

आणि ७२ हजार खर्च करायचेच असतील तर त्यातल्या अर्ध्यात एक टनाचा एसी येईल. एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. तुमचं मशीन रेंडर करताना चारशे वॅटच्या आसपास खोलीत टाकतं. कस्टम लूप ते चारशे वॅट त्याच खोलीत अधिक सुबकपणे टाकेल. एसी ते भिंतीपलीकडे नेऊन टाकेल, लेन्सही सुकतील, आणि तुम्हीही.

शेवटचं, बिनपैशाचं. बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने किती वॅट ओढायचे ती मर्यादा, १४२ वरून ११० वर आणा. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी ही चिप बरीच वीज खाते. तेवढा वेग सोडला तर तुम्हाला कळणारही नाही.

---

काचनळी
१२ मे, रात्री १०:०२

चारशे वॅट अधिक सुबकपणे टाकेल, हे मी माझ्या कॅबिनेटवर चिकटवून ठेवणार आहे. जांभळा गाळ घासताना असंच काहीतरी मनात आलं होतं, शब्द सापडले नव्हते.

---

फ्रेमवाला_नागपूर
१५ मे, रात्री ११:३०

मंडळी, आता सांगतो काय झालं.

रेडिएटर वर सरकवला. पेस्ट नवीन लावली, कारण पंप काढलाच होता. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्लोअर शेजारच्या मोबाइलवाल्याकडून आणला, पंखे गॅलरीत नेऊन बोट धरून साफ केले. गॅलरीतली तुळस राखाडी झाली, त्यासाठी वेगळी बोलणी खाल्ली.

१३ तारखेला पहिली चाचणी दुपारी दोन वाजता केली, कूलर बंद, खोली ४०, सेटिंग जुनंच. ८३. काका, तुम्ही ८४ लिहिलं होतं. मी बायकोला बोलावून दाखवलं.

मग लेन्स डब्यात, कूलर चालू, खिडकी चार बोटं उघडी. खोली ३४. पीपीटी ११०. तेच रेंडर लावलं. ७१ अंशांवर टिकून राहिला, पंख्यांचा आवाजही कमी. वेळ ४२ मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी मी ३२ वॅट जाळून राहिलो होतो.

गुडगुड गेली. पहिल्या सकाळी थोडी आली, बहुतेक बुडबुडा नवीन घर शोधत होता. काल, आज काहीच नाही.

सहापैकी दोन लग्नं देऊन टाकली. दुकानदाराचा फोन आला होता, म्हणे लाल नाही तर निळं पाणी देतो आणि पाच हजार कमी करतो. मी म्हटलं, आधी मले एक टनाच्या एसीचा भाव विचारून सांग. त्याने खरंच मेहुण्याचा नंबर दिला, मेहुणा एसी विकते.

एकच प्रश्न राहिला काका. ती पंख्याची रिकामी जागा आता खाली आली आहे. तिथे तिसरा पंखा लावू की तशीच उघडी ठेवू?

---

जुना_टर्नर
१६ मे, सकाळी ७:१०

पंखा लावा, ग्राफिक्स कार्डाला थेट हवा मिळेल. जाळीसकट लावा. आणि मोबाइलमध्ये दर तीन महिन्यांचं स्मरण लावून ठेवा : पंखे काढून मधली गोधडी. पुढच्या वेळी तुळस आधी आत घ्या.